कारणाचा रकाना

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एकच भिंत आहे, तीही चार इंचांची. जुळे सोलापूर भागातल्या आमच्या इमारतीत तिकडं कुकरची शिट्टी झाली की आम्ही गॅस बघायला उठतो. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात त्या भिंतीला कान लावून मी जे केलं, ते या डिसेंबरापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दुसरीचा वर्ग. शेजारीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. कुटुंब ख्रिस्ती, सासर मंगळवेढ्याकडचं. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेत. सकाळी जायचा तो दिवेलागणीला परतायचा. सात वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी, दोघांनाही तिनं शाळेत घातलं नव्हतं. घरीच शिकवायची.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले होते, "मग आम्ही काय शाळेत माशा मारतो का गं?"

"तसं नाही हो ताई," ती हसली, "जमतंय तोवर बघते की."

तिला जमत होतं. तेच मला बघवेना.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. दिवसभर त्रेचाळीस पोरं हाकून मी घरी यायचे आणि तिचा अभ्यास घ्यायला बसायचे. तिसऱ्या मिनिटाला माझा आवाज चढायचा, पाचव्याला तिचे डोळे भरायचे. मग ती वही उचलून शेजारी जायची आणि तासाभरानं भागाकार करून यायची. एकदा जेवताना म्हणाली, "काकू चिडत नाहीत. चुकलं की म्हणतात, चल, कुठनं चुकलं ते शोधू." मी तिच्या पानात भाजी वाढत राहिले. जरा जास्तच वाढली.

डिसेंबर लागला की त्या घरी नाताळचीच शाळा भरायची. करंज्यांचं खोबरं तोलताना अर्धा पाव, पाव किलो चालायचं. कागदाच्या कड्यांची साखळी दारावर टांगलेली, रोज एक कडी तोडायची आणि किती उरल्या ते सांगायचं. येशूच्या जन्माचा देखावा मांडतात त्या गव्हाणीला शेत हवं, म्हणून आजोबांनी दिलेली मंगळवेढ्याची ज्वारी ताटात पेरली होती. रोज सकाळी पट्टी लावून कोंब मोजायचे, वहीत लिहायचे. कधी कोंबावरून भांडण व्हायचं, कधी नुसतंच हसू. सगळं मला ऐकू यायचं.

माझ्या मुलीलाही एक ताटली मिळाली होती. मी म्हटलं, घरी आण की, आपण इथंच मोजू. ती म्हणाली, "नको, तिथंच राहू दे. तू रागावलीस की पाणी घालायचं राहून जाईल."

अठरा वर्षं मी मुलांना लांबी मोजायला शिकवते आहे.

त्याच आठवड्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं. हे काम आम्हा शिक्षकांकडंच असतं. घरोघरी जायचं, शाळेत न जाणारी मुलं शोधायची, तक्ता भरायचा. त्यातली बहुतेक वीटभट्टीवरची, ऊसतोडीला आलेल्यांची. आमची कॉलनी माझ्याच वाट्याला आली होती. शेजारचं दार सोडून पुढं गेले असते तर कुणी विचारणार नव्हतं. नोंद करायची तर दार वाजवून 'घरी शिक्षण सुरू आहे' असं लिहिता आलं असतं. तसं लिहिलेलं मी पाहिलंही होतं.

मी दार वाजवलं नाही. दुपारी आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून दोन्ही मुलांची नावं लिहिली. शेवटचा रकाना, शाळेत न जाण्याचं कारण. कारणांची यादी सोबत असते, त्यातलं एक निवडायचं. पलीकडं ती मुलाला विचारत होती, "कालपेक्षा किती वाढली रे?" मी यादीवरून बोट फिरवलं आणि लिहिलं: पालकांची उदासीनता. अक्षर छान आलं होतं. रकाना भरल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

नाताळाला चार दिवस असताना तिच्याकडं शिक्षण खात्याचे साहेब आले, बरोबर एक गुरुजी. मी भिंतीशी उभी होते. तिनं वह्या दाखवल्या असाव्यात, पानांचा आवाज आला. गुरुजी म्हणाले, "वह्या चांगल्या हायत की." साहेब म्हणाले, "असतील. पण तक्त्यात काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा बाई."

संध्याकाळी ती माझ्याकडं आली. हाताला करंज्यांचं पीठ तसंच.

"ताई, उदासीनता म्हणजे मला मुलांचं काही पडलेलं नाही, असंच ना?"

"सरकारी भाषा असते ती. मनावर नको घेऊस."

"कुणी लिहिलं असेल हो?"

"कोण जाणे. मोठं काम असतं ते," मी म्हणाले आणि तिच्यासाठी चहा टाकला.

जानेवारीत दोन्ही मुलं आमच्या शाळेत आली. प्रवेशाचे कागद मीच भरून दिले. तिनं माझे हात धरले, म्हणाली, "तुम्ही होता म्हणून." मुलगा माझ्याच वर्गात आला. मला मावशी म्हणायचा, त्याला बाई म्हणायला लावलं. पहिले तीन दिवस तो डबा न खाता रडला आणि माझ्या मनात आलं, बघ आता, तुझी आई कुठं आहे? सात वर्षांच्या मुलाविषयी मी असं मनात आणलं.

पुढं लांबीचा धडा आला. पुस्तकात पेन्सिलीचं चित्र, त्याला पट्टी लावायची. सगळ्या वर्गानं लावली. तो म्हणाला, "बाई, ही उद्यापण एवढीच असणार. मग उद्या काय मोजायचं?" मुलं हसली. मी म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." त्यानं लगेच ऐकलं. पुढं तो प्रश्नच विचारेना, आणि बाकीच्या शिक्षिका म्हणू लागल्या, पोरगं किती शहाणं झालं.

तेव्हापासून दर नाताळाला करंज्यांचं पहिलं ताट माझ्याकडं यायचं. मी ते घ्यायचे आणि संक्रांतीला तिळगूळ घालून परत करायचे. गव्हाणीपुढं ज्वारी काही पुन्हा उगवली नाही. ती बाजारातून हिरवा कागद आणायची.

या वर्षी डिसेंबरात तिनं मला करंज्यांना मुरड घालायला बोलावलं. दोघीच होतो. बोलता बोलता म्हणाली, "मुलांना शाळेत घातलं ते बरंच झालं. मी खरंच कमी पडत होते, ताई. बाहेरच्या माणसाला दिसलं, मला दिसलं नव्हतं."

चार वर्षं ती तो शब्द खरा मानून बसली होती. मी हातातली करंजी खाली ठेवली आणि सांगितलं. तक्ता, टेबल, यादीवरून फिरवलेलं बोट, सगळं. का, तेही सांगितलं.

ती मुरड घालतच राहिली. हातातली पूर्ण केली, अजून एक केली. मग म्हणाली, "दार तरी वाजवायचं हो."

एवढंच. मी हात धुऊन घरी आले.

पंचवीस तारखेला ताट आलं नाही. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे; ती नेहमीसारखी सकाळीच तिकडं गेली होती. दुपारी भिंतीपलीकडून खाटेखालचं ज्वारीचं जुनं ताट ओढल्यासारखा आवाज आला. मग मुलाचा घोगरा होऊ लागलेला आवाज, "माती कुठली आणायची?" आणि माझी मुलगी म्हणाली, "आमच्या गॅलरीतल्या कुंडीतली आणते, थांब."

ती आली, कुंडी उचलली आणि माझ्याकडं न बघता गेली. पलीकडं चौघं हसली. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं कारण होईल. मी भिंतीशी उभी होते आणि मला जळफळाट होत होता, अगदी चार वर्षांपूर्वीसारखाच.