कासवाच्या तोंडचं वाक्य

टेलरबाईंकडे कपडा टाकायचा म्हणजे आधी दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवावी लागे. "ही चेन तुटलेली नाही, तोडलेली आहे. जुन्या पोटावर शिवलेली पँट नव्या पोटावर चढवलीत, तर ती बिचारी काय करणार?" असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलून त्या टेप गळ्यात टाकत आणि तोंडात टाचण्या धरून माप घेत. टाचण्या तोंडात असताना त्या बोलत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकं माप देताना जरा रेंगाळत. काम मात्र चोख. उसवलेलं अस्तर त्यांच्या हातून गेलं की मूळची शिलाई कुठली आणि त्यांची कुठली, हे कुणी ओळखून दाखवावं.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, बाजूला इस्त्रीचं टेबल आणि दाराजवळ एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीवर आता तयार कपड्यांची थप्पी असते. पूर्वी तिच्यावर त्यांचा नवरा बसायचा.

नवरा नट होता. दोघांची ओळख नाटक कंपनीच्या कपडेपटात झाली. तो सेनापतीचं काम करायचा आणि सेनापतीचा कोट त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायचा. प्रवेश तोंडावर आलेला असताना बाईंनी तो कोट त्याच्या अंगावरच दोन्ही बाजूंनी आत घेतला. सुई लागली तेव्हा सेनापती केवढ्यानं ओरडला! "अरे, लढाईला निघालास ना?" बाई म्हणाल्या. तेव्हापासून अरे-तुरे सुरू झालं ते लग्नानंतरही राहिलं, आणि सासरच्या माणसांनी नाकं मुरडायची तेवढी मुरडून घेतली.

सुरुवातीची वर्षं छान गेली, हे बाईसुद्धा नाकारत नाहीत. तालमीहून तो यायचा तोच तणतणत. दिग्दर्शकानं वाक्यं कापली, दुसऱ्या नटानं टाळी खाल्ली, हजार भानगडी. दारातूनच तोफखाना सुरू व्हायचा. बाई मशीनवरचा पाय थांबवायच्या, पायानंच ती लाकडी खुर्ची त्याच्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बस. पाणी पी. मग सांग." पाणी पिऊन होईपर्यंत निम्मा राग उतरलेला असे. उरलेला तो दिग्दर्शकाची अशी हुबेहूब नक्कल करून सांगायचा की हसून हसून बाईंच्या हातातला कपडा खाली पडायचा.

पुढे नाटकं कमी झाली आणि हा आवाजाच्या कामाला लागला. परदेशातले चित्रांचे सिनेमे, मुलांचे, आपल्या भाषेत आणायचे. पडद्यावर बोलणार कोल्हा नाहीतर घुबड, आणि काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून आवाज देणार हा. असंच एकदा एका म्हाताऱ्या कासवाचं काम आलं. तळ्याकाठी राहणारं कासव, आणि कशालाही घाबरून त्याच्याकडे धावत येणारं बदकाचं पिल्लू.

"अडचण काय होते माहितीये?" त्यानं रंगात येऊन सांगितलं होतं. "त्यांच्या भाषेत कासव एकच लांबलचक शब्द बोलतं. आपला शब्द पटकन संपतो आणि त्याचं तोंड आपलं हलतच राहतं. आवाज नाही आणि तोंड हलतंय, कसं दिसेल? मग रेकॉर्डिंगवाले सांगतात, काहीतरी भरा."

"आणि तू काय भरतोस?"

"जे जवळ असेल ते."

"म्हणजे उशीत चिंध्या भरतात तसं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मशीन सुरू केलं. तो पुढे काही सांगणार होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

बाईंचा राग कासवावर नव्हता. त्यांना तो सेनापती हवा होता, टाळ्या घेणारा, कोटाची बटणं चमकवत उभा राहणारा. त्याच्यापायी त्यांनी घरच्यांशी वाकडं घेतलं होतं, घरखर्चासाठी मशीनवर मान मोडून बसल्या होत्या. चार नातेवाइकांत त्या सरळ म्हणायच्या, "लग्न केलं सेनापतीशी आणि संसार करतेय कासवाशी." सगळे हसायचे. तोही हसायचा. नट असल्यामुळे त्याचं हसू खरं आहे की नाही ते कळत नसे, आणि बाईंनी कधी नीट बघितलंही नाही.

सिनेमा लागला आणि पोरांना वेड लागलं. गल्लीतली पोरं पाठीला दप्तर लावून चार पायांवर चालू लागली. तो दिसला की "कासवकाका, आवाज काढा ना!" म्हणून त्याच्याभोवती गराडा. बाईंचं तर बारसंच झालं, "कासवकाकू". हे नाव त्यांना इतकं झोंबलं की त्यांनी घरात फर्मान काढलं, "त्या प्राण्याचा आवाज या घरात काढायचा नाही." त्यानं मान डोलावली आणि आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापाशी काढू लागला.

एका दुपारी पोरांचा चेंडू खिडकीवर आदळला. बाई खिडकीतून वाकून कडाडल्या. पोरं पळाली नाहीत. खाली रांगेत उभी राहून त्यांनी एका सुरात, लांबवून लांबवून म्हटलं, "आधी बऽस… पाऽणी पी… मऽग सांग…" आणि पोटं धरून हसत सुटली.

बाईंच्या अंगाची लाही झाली. आपलं घरातलं, दाराआडचं बोलणं, ते या कार्ट्यांच्या तोंडी? दिग्दर्शकाची नक्कल घरी करणारा माणूस आपली नक्कल बाहेर करतो, एवढाच अर्थ त्यांना लागला. संध्याकाळी तो दारात येतो न येतो तोच त्यांनी त्याला गाठलं. "गल्लीत माझ्या नकला करतोस?"

त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि नेमका नको तेव्हा त्याला हसू फुटलं. "अगं, नक्कल कसली! तू एकदा सिनेमाला चल. मी तिकिटं आणतो. तिथं गेलीस की कळेल."

"मला वेळ नाही."

एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण नटाला पडदा उघडण्याआधी काही सांगवत नाही. बायकोनं अंधारात बसून ते पहिल्यांदा ऐकावं अशी त्याची हौस होती, आणि त्या हौसेपायी गाडी अडली ती अडलीच. तिकिटं त्यानं आणली, ती इस्त्रीच्या टेबलावर दिवसभर पडून राहिली आणि शेवटी तो शाळकरी लेकीला घेऊन गेला.

त्या दिवसापासून बाईंनी ते वाक्य टाकलं. तो आला की खुर्ची सरकेना, मशीन थांबेना. "नंतर सांग, हातात काम आहे." नंतर कधी आलं नाही. हळूहळू तो सांगण्यासारखं काही घरी आणेनासाच झाला. सुट्ट्यांत टीव्हीवर तो सिनेमा लागायचा. आतल्या खोलीतून तो विचारायचा, "लागलाय. येतेस का?" बाई मशीनवर पाय जोरात मारायच्या. भिंतीपलीकडून नुसती घरघर ऐकू यायची, शब्द नाही. काही वर्षांनी त्यानं विचारायचंही सोडलं.

शेवटच्या आजारात त्याचा घसाच गेला. खुणेनं पाणी मागायचा. बाईंनी सेवेत कसूर केली नाही, उशापायथ्याशी बसून राहिल्या. आता त्यांना वेळच वेळ होता आणि त्याच्याकडे आवाज नव्हता. मग तोही गेला.

माणूस गेल्यावर बाईंना मशीनचा आवाज सोसेना. थांबवलं की खोलीतली शांतता सोसेना. घरात त्याचे फोटो होते, सेनापतीच्या कोटातलासुद्धा, पण बोलणं कशातच नव्हतं. बाईंनी कपाटातून त्या सिनेमाची जुनी कॅसेट काढली, तर तिला बुरशी. लेकीनं मोबाइलवर शोध शोध शोधलं. सिनेमा मिळाला, पण परक्या भाषेतला. आपल्या भाषेतलं कासव कुठेच सापडलं नाही. बाई "असू दे" म्हणाल्या. त्यांना असू द्यायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तो आवाज कानांवर पडावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता, आणि हे लेकीला सांगायलाही त्यांना लाज वाटत होती.

म्हणूनच लेकीचा जेव्हा फोन आला, "आई, कासवाचा सिनेमा पुन्हा येतोय, थिएटरला. जाऊ या का?" तेव्हा त्यांनी वाक्य पुरतं व्हायच्या आत "येते" म्हटलं. लेक गारच पडली. "सगळं नवं केलंय हं आता, अगदी खऱ्यासारखं," ती म्हणाली. बाईंच्या डोक्यात आला जुना कोट. धुवायचा, अस्तर बदलायचं, बटणं नवी लावायची, कडक इस्त्री मारायची. कापड तेच. त्यांना वाटलं, सिनेमाचंही असंच करत असणार.

त्या दिवशी मशीन बंद, ठेवणीतले कपडे बाहेर. थिएटरात दुपारच्या खेळाला ही गर्दी. लेकीच्या वयाची माणसं, प्रत्येकाच्या हाताला एखादं पोर. पोरांपेक्षा आईबापच जास्त चुळबुळत होते. "आता बघ हं, आता कासव येईल," असं जो तो आपापल्या पोराला बजावत होता.

अंधार झाला. तळं आलं, खरंखुरं तळं. बदकाचं पिल्लू आलं, त्याची लव न् लव वेगळी दिसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर नुसतं बदक आहे." मग चिखल हलला आणि कासवानं डोकं बाहेर काढलं. सुरकुतलेली मान, ओले डोळे. बाईंनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि कानांत प्राण आणले.

कासव बोललं. भरदार, देखणा, जाहिरातीत शोभावा असा आवाज.

"हा कोण?" बाईंनी लेकीचं मनगट धरलं.

लेकीनं एका मोठ्या नटाचं नाव सांगितलं. "आवाज नवेच घेतलेत ना सगळे. आई, मी सांगितलं होतं की तुला."

बाईंनी हात सोडला. उठून जावं असं त्यांना वाटलं, पण रांगेत माणसं होती. त्या बसून राहिल्या. पडद्यावर काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कासव हुबेहूब होतं, इतकं की बोलताना त्याचं तोंड जेमतेम उघडायचं. भरायला तिथं जागाच नव्हती. पुढच्या रांगेतला एक बाप पुटपुटत होता, "सगळं आहे रे, पण ते नाही." त्याच्या मांडीवरची चिमुरडी मात्र खुशीत होती. तिच्यासाठी हेच कासव पहिलं होतं.

मग आग लागल्याचा प्रसंग आला. पिल्लू घाबरंघुबरं होऊन तळ्याकडे धावत सुटलं, धापा टाकत कासवासमोर येऊन उभं राहिलं. मोठी माणसं पुढे सरकून बसली, त्यांना काय येणार ते ठाऊक होतं.

"शांत हो, बाळा," कासव म्हणालं.

एवढंच. प्रसंग पुढे सरकला. थिएटरात कुणी श्वास सोडल्याचा आवाज झाला. मग मागच्या अंधारातून एका पुरुषानं, जड, घोगऱ्या, लांबवलेल्या सुरात म्हटलं,

"आधी बऽस…"

आणि उजवीकडून, डावीकडून, पुढून, बायका, पुरुष, सगळे एकदम, "पाऽणी पी… मऽग सांग…"

हशा झाला, टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली. बाईंच्या कपाळाची शीर तडकली. खिडकीखालची ती कार्टी त्यांना आठवली. इथेही? मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक हसत नव्हती. तिचेही ओठ तेच म्हणत होते आणि गाल ओले होते.

"हे कुठलं?" बाईंनी विचारलं.

"बाबांचं. जुन्यात होतं. पिल्लू घाबरून आलं की दरवेळी कासव हेच म्हणायचं." लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "आई, तू तो कधीच पाहिला नाहीस?"

जे जवळ असेल ते भरतो, तो म्हणाला होता. बाईंनी तोंडावर हात धरला. आपल्या वाक्याची त्यानं गल्लीत चेष्टा केली नव्हती. ते त्यानं कासवाच्या तोंडी दिलं होतं, आणि त्या कासवापाशी धावत जाऊन ही सगळी पोरं मोठी झाली होती. "पाणी"वर तो कसा रेंगाळायचा हे त्या अनोळखी माणसांना पाठ होतं. त्याचा आवाज सगळ्यांकडे होता. नव्हता तो फक्त त्यांच्याकडे. "ते माझं होतं," असं लेकीला सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण टाकून दिलेल्या वस्तूवर हक्क कुठल्या तोंडानं सांगायचा?

बाहेर उन्हात एक तरुण मोबाइल धरून उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मत विचारत होता. लोक भरभरून बोलत होते. जीव नाही त्यात, लहानपण नासवलं, कासव परत द्या. टेलरबाई दिसताच तो पुढे आला. म्हातारं माणूस काहीतरी झणझणीत बोलेल असं त्याला वाटलं असावं.

"आजी, तुम्ही सांगा. जुना चांगला होता की हा?"

"जुना मी पाहिला नाही."

"अरे! का बरं?"

"बोलावलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वेळ नव्हता."

त्यानं हसून मान हलवली आणि मोबाइल मागच्या माणसाकडे वळवला.