सरांच्या अंगणातला सवाल

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसा, हसा! ह्या प्रसंगावर रडायचं काम मी एकट्यानं पुरेसं केलंय. गाढवपणा कोण करत नाही? पण माझ्या ह्या गाढवपणाला साक्षीदार होते शंभर, आणि त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी. हो, मीही तत्त्वज्ञानच शिकवतो. देव त्या पोरांचं भलं करो.

आमचे सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत बाल्या नाच नाचायचे. दिघीकडचं गाव त्यांचं. पायात घुंगरू, गोल रिंगण, मध्ये ढोलकी. त्यात अगदी न्हाऊन निघायचे! मी रेवसचा, मिठागरात राबणाऱ्याचा पोरगा. राहायची सोय नव्हती, म्हणून सरांनी मला पाच वर्षं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. बापानं तरी काय वेगळं केलं असतं? नाचाला मात्र मी कधी गेलो नाही. सरांनी घुंगरू बाहेर काढले की माझं डोकं दुखायला लागायचं. एकदा तरी जायला हवं होतं हो!

यंदा शिमग्यानंतर सर गेले. महिन्याभरानं काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला.

"अरे, शोकसभा नको. भाषणं सुरू झाली की हे स्वतःच झोपायचे. अंगणात एक नाच ठेव. एवढं कर माझ्यासाठी."

गावातली नाचणारी पोरं कामाला मुंबईत, म्हणजे पार्टी बाहेरून आणायची. म्हसळ्याकडच्या एका शाहिराचा नंबर मिळाला. आगरदांड्याला फेरीबोटीची वाट बघत उभा होतो, तिथूनच फोन लावला.

"शाहीर, सरांसाठी नाच ठेवायचाय."

"कोन, ते तुरेवाले प्राध्यापक? लय आयकलंय त्यांच्याबद्दल! आमी शक्तीवाले, बरं का."

"वा, उत्तम!" शक्ती काय नि तुरा काय, मला दोन्ही सारखेच.

"सर सोता समोर असतील ना?"

आता बघा, इथं दोनच शब्द बोलायचे होते. सर गेले. पण महिनाभर ते माझ्या तोंडून निघतच नव्हते. कुणी सरांची चौकशी केली की मी हवापाण्यावर बोलायचो. मी ओटीवर ठेवायचा फोटो डोळ्यांसमोर आणला आणि म्हणालो, "हो, सर समोरच असतील. ओटीवर."

"मंग मजा हाय!"

मजा? जरा खटकलं. पण म्हटलं, कलावंत माणूस, बोलायची तऱ्हा असेल.

ठरल्या दिवशी चार वाजता अंगण भरलं. ओटीवर खुर्चीत सरांचा घुंगरू बांधलेला फोटो. त्याला माळ नाही, कारण फुलांनी सरांना शिंका यायच्या आणि काकू अजून ते पाळतात. पार्टी उशिरा आली ती थेट रिंगणात. गण झाला. मग शाहिरानं माइक घेतला आणि ओटीकडे बोट केलं.

"तुरेवाल्या प्राध्यापका, पोथ्या वाचून झालास म्हातारा,
सांग, कुडीतला जीव सुटला, की धरतो कुठला किनारा?"

ढोलकी थांबली.

मी शेजारच्या गाववाल्याला विचारलं, "हे काय चाललंय?"

"सवाल टाकलाय. शक्ती आनि तुरा, दोन बाजू. एकानं गान्यात इचारायचं, दुसऱ्यानं गान्यात उत्तर द्यायचं. न्हाय दिलं तर हारला. पन तुमी त्याला सांगितलं न्हाय?"

तेवढ्यात शाहीर पुन्हा गरजला, "काय सर, गप का? पळाले काय मागल्या दारानं?"

मी धावत जाऊन माइक हिसकावला.

"शाहीर, सर गेले!"

महिन्याभरात पहिल्यांदा बोललो, तेही माइकवर. खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल.

शाहीर मटकन खाली बसला आणि घुंगरू सोडायला लागला. "वयनी, पाया पडतो तुमच्या! मला कुनी बोललंच न्हाय!"

काकू उठल्या. "घुंगरू सोडू नका. सवाल पडलाय, तो असा टाकून उठायचं नसतं. चाळीस वर्षांत हे एकदाही हरले नाहीत. आज स्वतःच्या अंगणात हरायचे नाहीत." मग माझ्याकडे वळल्या. "त्यांच्या बाजूनं तू दे उत्तर. गाता येत नसेल तर नुसतं बोल."

जीव कुठं जातो? अहो, ह्याच विषयावर माझा प्रबंध आहे! तीनशे पानं! त्यातली एक ओळ आठवली तर शपथ. मी फोटोकडे बघितलं. सर आता कधीच बोलणार नाहीत, एवढंच कळत होतं.

"मला नाही माहीत हो," मी म्हणालो, आणि शंभर माणसांसमोर भोकाड पसरलं.

काकूंनीही डोळ्यांना पदर लावला. शाहिरानं हात जोडले. "वयनी, रडू नका. सर न्हाय हारले. ते असते तर उत्तर देऊनच बसले असते."

"ते माहीत आहे हो मला," काकू हुंदका आवरत म्हणाल्या. "मी त्यांच्यासाठी नाही रडत. ह्याला बघून रडतेय. पाच वर्षं घरी ठेवून शिकवलं होतं त्यांनी ह्याला!"