खिडकीतून दिसलेली

शेगाव स्टेशनच्या बाकावर तो म्हातारा मांडीवरचा जुना, छोटा रोलचा कॅमेरा बाळासारखा थोपटत बसला होता. विचारल्याशिवाय मी राहते थोडीच!

"काऊन हो भाऊ, आता रोल कुठी धुतात?"

"नागपूरले धुऊन देतात म्हणे. बायकोचा फोटो हाय आत. काढला अन् त्याच हप्त्यात गेली ते. दुसरा फोटोच नाही तिचा."

असाच कॅमेरा गळ्यात मिरवत, गॉगल लावून, मी नणंदेच्या लग्नाचा अख्खा रोल भिंगावरचं झाकण न काढता उडवला होता. मोठी शहाणी ना मी! बघायची खिडकी भिंगाहून वेगळी, तिच्यातून सगळं छान दिसतं. फोटो मात्र तव्यासारखे काळे निघाले. हा किस्सा सांगणारच होते, तेवढ्यात त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला.

"पाहा बाई, कसं साफ दिसते! ते बी अशीच दिसून राह्यली होती. लाजून हसली. फोटो आलाच असंन ना?"

खिडकीतून सगळा प्लॅटफॉर्म लख्ख दिसला. कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, तर भिंगावर झाकण घट्ट बसलेलं.

"हाव भाऊ," मी म्हटलं, "आलाच असंन."

गाडी आली. किस्सा गिळून मी त्याला चढायला हात दिला.