सरूताई आणि ती सहाण

सरूताई गेल्याचा निरोप तिच्या दिराचा गडी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "वैद्यबुवांनी सांगायला सांगितलंय, ताप डोक्यात गेला." मी चुलीपुढे होते. तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली. ताप! मेल्यावरही माझ्या या मामेबहिणीला तिचं खरं दुखणं मिळू दिलं नाही. आता महिना होत आला. लोक मला सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं. तिच्याबद्दल चांगलंच लिहिते आहे. जो जिवंत आहे, त्याच्याबद्दल तसं वचन मी कुणाला दिलेलं नाही.

आम्ही दोघी इच्छापूरच्या, लग्न होऊन बऱ्हाणपुरात जवळजवळच्या गल्ल्यांत आलो. शाळा आम्हाला कुठली! तिने नवऱ्याकडून अक्षरं शिकून घेतली आणि माझ्या चुलीतली राख पसरून तीच मला बोटाने गिरवायला लावली. 'क' वाकडा आला की म्हणायची, "चंपे, हा क आहे की केळीचा घड?" म्हणजे बघा, आज जे लिहिते आहे, त्याची सोय तिनेच तेव्हा करून ठेवली होती.

नवरा गेला, मूलबाळ नाही, तशी ती दिराच्या पदरी पडली. दीर वैद्यकी करायचा. नाव लिहीत नाही, गावाला ठाऊक आहे. त्याच्याकडे आजोबांची एक मोठी सहाण होती. औषध तिच्यावर उगाळलं की गुण येतो असं पार खानदेशापर्यंत लोक मानायचे. सरूताईच्या छातीत गाठ लागली, ते तिने आधी मला सांगितलं. आम्ही दोघी देवाचं निमित्त करून खंडव्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बाई म्हणाल्या, गाठ लहान आहे, कापून काढू, पण उशीर करू नका. हे दिराला कळलं. म्हणाला, "घरात वैद्य असताना आमच्या वहिनी सुरीखाली जायच्या नाहीत." आणि लेप सुरू झाला.

सातपुड्यातले बिब्बे आणि कसली कसली मुळं त्या सहाणेवर उगाळायची. बिब्बा आपल्या घरातला. परटाने त्याची खूण केली की कापड फाटेल, खूण जाणार नाही. बाळंतिणीलाही देतात, पण आधी विटेच्या भुकटीत घासून त्याचं तेल मारून. याने तेल मुद्दाम ठेवलं. तेल जितकं तेज, तितकी गाठ लवकर जळेल, हे त्याचं शास्त्र. काही दिवसांनी वरचं मांस काळं पडून गळालं. गाठच निघाली म्हणून त्याने पेढे वाटले... गाठ खाली होती तशीच होती.

पुढे ओसरीवर बायका औषधाला आल्या की पडद्याआडून सरूताईने म्हणायचं, "हौ, मला गुण आला." म्हणायची बिचारी, जेवायला त्याच घरात बसायचं होतं. नदीवर बायकांत अंघोळीला जायची मात्र तिला बंदी. एकदा शेंगा सोलताना मला म्हणाली, "झाडात काही नाही असं मी म्हणत नाही, चंपे. उद्या कुणी शहाणा या बिब्ब्यातून गाठीवरचं औषध काढीलही. पण गाठीचं मांस कोणतं नि माझं कोणतं, ते या तेलाला कळत नाही. आणि भाऊजींना कळून घ्यायचं नाही."

मग कोष्टीवाड्यातली एक तरुण सून तसंच दुखणं घेऊन आली. त्या दिवशी पडद्याआडून शब्द आला नाही. दीर हसून म्हणाला, वहिनी लाजतात. सुनेला दोन दिवसांनी लेपाला बोलावलं.

कार्तिकस्नानाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी उजाडायला सरूताई माझ्या दारात. म्हणाली, चल, तापीवर जाऊ. राजघाटावर सगळ्या गल्ल्यांतल्या बायका, कोष्टीवाड्यातल्याही. तिने पायरीवर उभं राहून पदर खाली घेतला, चोळीची गाठ सोडली. ती कुणाकडे बघत नव्हती, त्या सुनेला शोधत होती. दिसली तशी तिला हाताने जवळ बोलावलं.

"नीट बघून घे, पोरी. हा तो गुण."

सुनेला तिच्या सासूने त्याच दिवशी खंडव्याच्या गाडीत बसवलं. वैद्याची ओसरी ओस पडली. त्याने सरूताईला मागच्या खोलीत टाकलं, तिच्याशी बोलणं टाकलं, लेपही टाकला. मी गेले की ती हसायची. "आता पहिल्यांदा सुखाने दुखतंय," म्हणायची.

तेराव्याला भरल्या पंगतीत दिराने मोठेपणाने मला विचारलं, वहिनींची आठवण म्हणून काही हवं का. लुगडं मागेन असं त्याला वाटलं असावं.

"सहाण द्या," मी म्हटलं.

"सहाण? ती कशाला?"

"तिच्या अंगाला सगळ्यात जास्त तीच लागली."

पंगतीतले हात थांबले. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. गड्याने आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

आता ती माझ्या मोरीत आहे. राख लावली, चिंच लावली, खोबरेल लावलं, तिच्यावरचा बिब्ब्याचा डाग काही निघत नाही. वैद्य म्हणे लोकांना सांगतो, सहाण गेली आणि हाताचा गुण गेला. परत मागायला त्याच गड्याला पाठवलं होतं. मी त्याला गूळपाणी दिलं आणि मोरी दाखवली. म्हटलं, बघितलंस ते मालकाला जाऊन सांग. रोज सकाळी त्या डागावर उभी राहून मी पाय घासते. आधी टाचा, मग तळवे... सावकाश. मला काही घाई नाही.