मावशी म्हणवून घेतलेली आई

सासूबाई गेल्या त्याला महिना उलटून गेला. नेरूळच्या आमच्या सोसायटीतली माणसं भेटायला आली, तेव्हा बहुतेकांनी एकच म्हटलं, ‘भाग्यवान हो, भरल्या घरातून गेल्या.’ मी मान हलवत राहिले. बाहेरच्यांना काय सांगणार... हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, “आई रागावली असेल का गं?” नव्वदीला टेकलेल्या बाईचा प्रश्न. मी म्हटलं, “आई कधी रागावते का?” त्यांनी हात सोडला नाही, पण तोंड भिंतीकडे वळवलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की सासूबाई लहानपणी पोरक्या झाल्या, मामाने वाढवलं. पुढे कित्येक वर्षं तेच खरं धरून चाललो. सासरे वारले, आम्ही नेरूळला आलो, माझी मुलगी जुई वाशीच्या कॉलेजात जायला लागली. तिला एकांकिकेत काम मिळालं आणि रात्री जेवताना माझे यजमान, श्रीकांत, म्हणाले, “नाटकबिटक काही नको. आपल्या घरात कुणी तोंडाला रंग लावलेला नाही.” सासूबाई ताक पीत होत्या. भांडं खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, “लावलाय. माझ्या आईने.”

त्या दिवशी आम्हाला तुळसाबाई कळल्या. त्यांचे वडील कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत पडदे रंगवायचे, त्यांचा डबा घेऊन ही पोर जायची. एकदा नदीत उडी मारणारी मुलगी हवी होती, कुणी तयार होईना, हिने मारली. मग दासी, राजकन्या, राणी... बोलायचं काहीच नाही, सगळं डोळ्यांनी. ऊन असेल तोवर काम. मोठमोठे आरसे लावून ते ऊन तोंडावर पाडायचे, त्यापायी पुढे त्यांची नजर अधू झाली. तंबूत पडद्यावर ‘मिस तुळसा’ आल्या की शिट्ट्या पडत. आणि मग बोलपट आला. आवाजाची परीक्षा झाली, आवाज घोगरा निघाला. कुणीतरी म्हणालं, “चेहरा राणीचा, आवाज मोलकरणीचा.” पण मोलकरणीचंही काम मिळेना, कारण आता मोलकरीणही बोलत होती. त्या कंपनीच्या कपडेपटात शिवणकाम करू लागल्या, तिथल्याच शिंप्याशी लग्न केलं, तो लवकर गेला. लेकीला घेऊन मुंबईला आल्या, चाळीत ब्लाउज शिवून तिला मॅट्रिक केलं.

मग सचिवालयात नोकरी असलेल्या मुलाचं स्थळ आलं. मामा म्हणाला, सिनेमावालीच्या पोरीला हे घर कोण देईल, मुलगी पोरकी म्हणून सांगू. “आई लगेच हो म्हणाली,” सासूबाई सांगत होत्या. “मी नाही म्हणू शकले असते. पण मला ते घर हवं होतं. तिचे फोटो मी माझ्या हाताने बंबात घातले. मांडवात माझ्या सासूने विचारलं, या कोण? आई गप्प राहिली. तिने मला सोडवलं नाही... मीच म्हटलं, मावशी.”

श्रीकांतनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “ती मावशीआजी? मला तोंडं करून दाखवायची ती?”

“तीच. एकदा तू तिला विचारलंस, तू सारखी आमच्याकडे का येतेस, तुला घर नाही का? ती हसली आणि तुला रुसून दाखवलं, रडून दाखवलं, तू खदखदून हसलास. मी आत होते. सगळं ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले.”

तुळसाबाई गेल्या तेव्हा सासूबाईंना सुतकही पाळता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्यांनी सगळ्यांना श्रीखंड वाढलं.

मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, “तेव्हाचा काळच तसा होता, आई.” त्या म्हणाल्या, “काळ कुठला गं. मी होते.” त्यानंतर तसला धीर मी पुन्हा दिला नाही.

जुईने एकांकिका केली. वाशीच्या नाट्यगृहात श्रीकांतच आईला हाताला धरून घेऊन गेले. परत येताना जुईने विचारलं, “पणजी अशी करायची का गं?” सासूबाई म्हणाल्या, “मी पाहिलंच नाही बाळ. लाज वाटायची, म्हणून तिचा एकही सिनेमा पाहिला नाही. आता बघायचं म्हटलं तर उरलाय कुठे...” आणि खरंच एकही उरलेला नाही. जुईने पुष्कळ शोध घेतला.

तेव्हापासून सासूबाईंना एक सवय लागली. वॉचमन असो, दवाखान्यातली सिस्टर असो, कुणी नाव विचारलं की आधी सांगायच्या, ‘मी तुळसाबाईंची मुलगी. आई मूकपटात काम करायची.’ लोक गोंधळायचे. श्रीकांतना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, मग तेच पुढचं सांगू लागले.

गेल्या आठवड्यात मी बऱ्याच दिवसांनी बाजारात गेले. आमच्या नेहमीच्या मासळीवालीने विचारलं, “तुळसाबायची पोर दिसली नाय ती? बरी हाय ना?” “गेल्या,” मी म्हटलं. तिने हातातली सुरी बाजूला ठेवली. तिच्याशेजारी एक नवीन बाई बसली होती, तिने तिला माझ्याकडे बोट करून विचारलं, “या कोन?”

ती काही सांगायच्या आत मीच म्हटलं, “मी तुळसाबाईंची नातसून.”