रिकामा चाप

लॉरल फोर्कच्या खोऱ्यात बंदुकीबद्दल ऑर्विल टीटर बोलला की विषय संपला. मर्लच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. बायका नवऱ्यांना सांगायच्या, "घ्यायची तर घे बाबा, पण आधी ऑर्विलला विचार." एवढा मान मिळाल्यावर तो डोक्यात जायचा राहतो का? ऑर्विलच्याही गेला होता.

त्याला एक खोड होती. कुणी नवी रायफल बघायला आलं की तो ती उघडून आत काडतूस नाही हे स्वतः बघायचा, गिऱ्हाइकालाही दाखवायचा, मग नळी भिंतीकडे करून चाप ओढायचा. टक्. "ऐकलंस? लोण्यातून सुरी!" बोल्टचा सरकता खटका मागे, पुन्हा टक्. गिऱ्हाईक निघून गेलं तरी गप्पा मारता मारता हाताला चाळा म्हणून टक् टक् चालूच.

ऑगस्टमध्ये नव्या बनावटीच्या बावीस नंबरी रायफली आल्या. एक गोळी झाडली की दुसरं काडतूस आपोआप आत घेणाऱ्या, हलक्या आणि स्वस्त. खारींच्या शिकारीचा मोसम तोंडावर होता, लोकांच्या उड्या पडल्या. बारा विकल्या गेल्या. आणि मोसम सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच एकेक परत यायला लागली. काडतूस अर्धं आत जाऊन अडकायचं. नाहीतर पुरतं आत जायचं आणि चाप ओढल्यावर नुसतंच टक्, बार नाही. वर फांदीवर खार शेपूट हलवत बसली आहे आणि खाली ड्यूई मॅकनील बोल्टशी झटापट करतोय, ही गोष्ट तर चर्चपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांनी मीठमसाला लावून सांगितली.

"ऑर्विल काका, बंदूक विकलीत की काठी?" ड्यूईने भर दुकानात विचारलं.

भर दुकानात! तेच ऑर्विलला झोंबलं. त्याने बोल्ट काढला, आत बोट फिरवल्यासारखं केलं आणि मोठ्याने म्हणाला, "कारखान्याचं ग्रीस तसंच आहे आत. काडतुसाला ठोकणारी पिन चिकटते, ठोका नीट बसत नाही. मागच्या खोलीत साफसफाई कोण करतं, ते विचारा."

मागच्या खोलीत क्लायडा होती. एकोणीस वर्षं ती नवी रायफल खोक्यातून काढून, ग्रीस धुऊन, तेलाचं बोट लावून पुढे पाठवत आली होती. चिंधीला हात पुसत ती दाराशी आली. "प्रत्येक बोल्ट मी उघडून धुतलाय, ऑर्विल. ग्रीस नाहीये ते. नळीचं मागचं तोंड बघ जरा, काडतूस शिरतं तिथलं."

"आधी तू तुझे डोळे तपासून घे," ऑर्विल म्हणाला. चारचौघं हसली.

बारा गिऱ्हाइकं तोंड फिरवून गेलेली मालक मर्लला परवडणार नव्हती. शुक्रवारी त्याने क्लायडाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. तिने डबा उचलला, एप्रनची घडी करून ठेवली आणि गेली. भांडली असती तर ऑर्विलला बरं वाटलं असतं.

सोमवारी तो परत आलेली एक रायफल घेऊन स्वतः साफ करायला बसला. धुतली, पुसली. काडतुसं चार कंपन्यांची घालून बघितली, काडतुसांचं मॅगझिन बदललं. रडगाणं तेच. चिडून त्याने न उघडलेल्या खोक्यातली एक कोरी रायफल काढली आणि ग्रीससकट दुकानामागच्या मातीच्या बांधावर नेली. दोनशे काडतुसं झाडली. एकही अडकलं नाही.

दोन्ही रायफली शेजारी ठेवून त्याने भिंग लावलं. हे काडतूस पेटतं ते बुडाच्या कडेवर ठोका बसला की. म्हणजे पिन कडेवरच येणार, आणि आत काडतूसच नसेल तर ती सरळ नळीच्या पोलादावर आपटणार. काही बनावटींत पिन पोलादाला टेकण्याआधीच थांबते. या रायफलीत थांबत नव्हती. परत आलेल्या रायफलीच्या नळीच्या मागच्या तोंडावर वरच्या बाजूला खाच पडली होती, आणि दबलेलं पोलाद आत सरकून काडतुसाच्या वाटेत आलं होतं. कारखान्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलंच होतं की रिकाम्या रायफलीचा चाप ओढू नये. ऑर्विल टीटर कशाला पत्रक वाचेल! क्लायडाने मात्र वाचलं होतं. तिने तेवढं एकच वाक्य चिठ्ठ्यांवर लिहून त्या प्रत्येक चापाला दोऱ्याने बांधल्या होत्या. त्या चिठ्ठ्या ऑर्विलने न वाचताच कात्रीने कापून टाकल्या होत्या. बंदुकीला काय लोणच्याच्या बरणीसारखी चिठ्ठी लावायची, म्हणून.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं त्याने. एका निमुळत्या पोलादी सळईने त्याने बाराही नळ्यांच्या कडा दाबून पुन्हा सरळ केल्या आणि रायफली परत दिल्या. लोकांनी पाठ थोपटली. "बाईने घातलेला घोळ तुम्हीच निस्तरलात, काका!" त्यावर तो म्हणायचा, "होतं असं कधीकधी." इतका भेकडपणा आपल्यात असेल हे त्याला त्रेसष्ट वर्षांत माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारच्या गर्दीत, क्लायडा दुकानात आली. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "डोळे तपासले रे. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू धरतोय. तुझंच खरं असणार. मला आपलं वाटत होतं, मी नीट पुसलंय. माझ्यामुळे तुला बोलणी खावी लागली. मनावर घेऊ नकोस."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऑर्विलला झालं. सगळे ऐकत होते. मर्लही.

"तू नाही केलंस," तो म्हणाला. "मी केलं. रिकामे चाप ओढून ओढून मी नळ्या खराब केल्या. तुझ्या चिठ्ठ्या मी कापल्या. तीन आठवडे झाले मला हे कळून."

क्लायडाने काउंटरवरचे हात काढून घेतले. "तीन आठवडे मी गाडीला हात लावला नाही," ती म्हणाली. "म्हटलं, डोळे एवढा दगा देत असतील तर रस्त्यात कुणाचा तरी जीव घेईन."

मर्ल घाईघाईने म्हणाला, "क्लायडा, सोमवारपासून ये तू."

"येईन. पण आधी ज्या बारा घरांत माझं नाव खराब झालंय, तिथे याला जाऊन सांगू दे."

रविवारी चर्च सुटल्यावर ऑर्विल आधी ड्यूईकडे गेला. पडवीत उभं राहूनच त्याने सगळं सांगितलं, काही न वगळता. ड्यूईने ऐकून घेतलं आणि आत वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? त्या बाईला परत कामावर घ्यावं म्हणून काका सगळं स्वतःच्या अंगावर घेताहेत! मन बघ माणसाचं!"

"ड्यूई, अरे, खरंच मीच केलं ते."

"हो हो, कळलं," ड्यूईने डोळा मिचकावला. "आमच्याकडून बाहेर कुठे जात नाही."

ऑर्विलने त्याच्याकडून रायफल मागून घेतली, आत काडतूस नाही हे पाहिलं आणि खाच दाखवायला नळीचं मागचं तोंड उजेडात धरलं. कड गुळगुळीत होती. त्याच्याच हातचं काम, कुठे म्हणून खूण राहिली नव्हती.

"बसा ना, सफरचंदाचा केक केलाय," ड्यूईची बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल इतका आदर होता की त्याला मान वर करवेना. अजून अकरा घरं राहिली होती.