उजवीकडून आलेली हाक

माझा उजवा कान एका सकाळी गेला. दुखला नाही, वाहिला नाही, नुसता गेला. मला वाटलं मोबाईल बिघडला. मुलीला उगाच झापलं, की तुझा आवाज का येत नाही. मग फोन डाव्या कानाला लावला, तर ती तिकडून मलाच विचारत होती, “बाबा, एवढे ओरडताय का?”

नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आतली नस गेली आहे आणि मी यायला उशीर केला. मशीन लावूनही त्या कानाचा उपयोग नव्हता. बायको म्हणाली, “बरं झालं. आता एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायची सोय ऱ्हायली न्हाई.” मी हसलो, पण आतून खचलो होतो.

शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं श्रीगोंद्याजवळच्या आमच्या उसातच असतो. मी पाटावर उभा राहून दारं धरतो, म्हणजे एकेक सरी उघडून पाणी सोडतो. ती आत सरीच्या शेवटाला असते. पाटाच्या दोन्ही अंगांना ऊस, डोक्याच्या वर गेलेला. ती कधी या अंगाला, कधी त्या; माणूस दिसत नाही. सरी फुटली की ती हाक मारते आणि मी आवाजाच्या रोखानं खोरं घेऊन आत शिरतो. आता मात्र जगातला प्रत्येक आवाज मला डावीकडूनच येत होता. उजवीकडचा टेम्पोही डावीकडून, कोंबडाही डावीकडून. त्यात शिवारात बिबट्याचे ठसे दिसू लागलेले. तिनं आतून हाक मारली आणि मी भलतीकडेच गेलो, तर? या विचारानं मला घाम फुटायचा.

डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. दिशा कान ओळखत नाही, मेंदू ओळखतो, असं ते म्हणाले. आवाज एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्या फरकावरून. दुसरा कानच नसेल तर फरक कशाशी काढणार? पण एका कानातला आवाजही मेंदूच्या दोन्ही बाजूंना जातो, आणि एक कान गेला की त्या आतल्या वाटा हळूहळू बदलू लागतात. बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे आवाजात बारीक फरक पडतो, त्यावरूनही मेंदू दिशा शिकू शकतो. “सराव करा,” ते म्हणाले. साठी उलटल्यावरही आपल्या डोक्यात नवी वाट पडू शकते, याचं मला भारी नवल वाटलं.

मग रोज दुपारी अंगणात मी डोळे मिटून खुर्चीत बसायचो. बायको अनवाणी फिरत स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायची, मी बोट दाखवायचो आणि डोळे उघडायचो. पहिले दोन दिवस सगळं चुकलं. मग मात्र महिनाभर, डोळे उघडावेत तर ती नेमकी बोटासमोर उभी. मेंदू म्हणजे काय चीज आहे बघा, असं मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो. तिला म्हणालो, “आता खुशाल हाक मार.”

पुढच्याच पाण्याला उसातून तिची हाक आली. “आवं, लवकर या!” आवाज नेहमीचा नव्हता. मी खोरं उचललं आणि डावीकडच्या उसात घुसलो. पाती तोंडाला कापत होती. पुढं जावं तसा तिचा आवाज लांब जात होता. कोणीतरी तिला ओढून नेतंय, असंच मला वाटलं. मी वेड्यासारखा पळालो आणि पलीकडच्या बांधावर निघालो. तिथं कोणी नव्हतं. हाकही थांबली होती. पाटावर परत आलो, तर ती उजवीकडच्या उसातून लंगडत बाहेर येत होती. चिखलात पाय मुरगळला होता, एवढंच.

“उजवीकडं हुते की मी!”

“पण घरी तर मला सगळं बरोबर येतंय!” मी ओरडलो.

ती खाली बसून पाय चोळू लागली. मग म्हणाली, “तुमी बोट दाखवलं की मी गुपचूप तिकडं सरकायचे. लई खचला हुता तुमी.”

मला इतका राग आला, की संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. पायाला हळदीचा लेप मात्र मीच लावला, आणि लावता लावता राग माझ्यावरच उलटला. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल फुल्या मारल्या. चूक कळल्याशिवाय पोर शिकत नाही, हे पालकांना ठणकावून सांगितलं. आणि माझ्या मेंदूला महिनाभर धड एक फुली मिळाली नव्हती. तो बिचारा शिकणार कशावरून?

पाय बरा झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. आता जागेवरून हलायचं नाही आणि चुकलं तर तोंडावर सांगायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी ‘चुकलं’ म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला. नंतर तिला त्यात मजाच वाटू लागली. मीही मान फिरवून पाहू लागलो. उजवीकडचा आवाज आधी बोथट वाटायचा आणि मान उजवीकडे वळवली की स्वच्छ व्हायचा. चमच्यापेक्षा तिची हाक मला लवकर कळू लागली; ओळखीची म्हणून असेल.

परवा उसातून हाक आली. मी धावलो नाही. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली आणि उजवीकडच्या उसात शिरलो. सरीच्या शेवटाला बाहेर आलो तर थोड्या अंतरावर ती फुटलेल्या सरीवर चिखल थापत होती.

“पाच सऱ्या चुकलात,” ती मान वर न करता म्हणाली. “पर बाजू बरोबर हाय.”

मला एवढा आनंद झाला, की खोरं टाकून मी तिचा चिखलानं भरलेला हात धरला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, शेतात कधी धरला नव्हता.

“सोडा, पानी चाललंय,” ती म्हणाली.

मी सोडला नाही.